अभ्यास पुढे ढकलला जातो तेव्हा आधी वही कुठे थांबली ते पाहा

गृहपाठ का राहिला, असं मी मुलांना विचारत नाही. या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: "वेळ नाही मिळाला, बाई." ते उत्तर खोटंच असतं असं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. मी वही मागते आणि कुठपर्यंत आलंय ते बघू, म्हणते. वही जिथे थांबलेली असते तिथेच घोडं पेंड खात असतं.

मी गणित आणि इतिहास शिकवते. शाळा सुटल्यावर मुलांना बसवून गृहपाठ करून घेण्याचा तासही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मुलं काम कसं टाळतात ते त्या तासाला समोर दिसतं. कोणी पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक काढतं, कोणी पाणी प्यायला सारखं उठतं, कोणी पानभर समास आखत बसतं. यांतलं एकही मूल मला आळशी वाटत नाही. आळशी माणूस काम टाळून निवांत असतो. ही मुलं काम टाळतात आणि तेवढा सगळा वेळ आतून कुढत असतात. खेळायला गेली तरी मनाला टोचणी असते, झोपायला गेली तरी असते.

मानसशास्त्रात चालढकलीचा अभ्यास करणाऱ्या फ्युशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये या वागण्याची जी मांडणी केली, ती मला रोज खरी होताना दिसते. काम समोर आलं की मनात काहीतरी नकोसं उठतं. कंटाळा असेल, धास्ती असेल, गोंधळ असेल, कधी रागही असेल. वही मिटली की ते नकोसं वाटणं लगेच ओसरतं. तो सुटकेचा क्षण गोड असतो, आणि मन तेवढंच शिकतं: वही मिटली की बरं वाटतं. पुढच्या वेळी वही आणखी लवकर मिटते. म्हणजे मूल पळतं ते कामापासून कमी आणि काम उघडल्यावर जे वाटतं त्यापासून जास्त. म्हणूनच रागावण्याचा उपयोग होत नाही. आधीच नकोशा झालेल्या वहीला आता बोलणीही चिकटतात, आणि ती उघडणं आणखी जड होतं.

ही सुटका किती फसवी असते, हे डायॲन टाइस आणि रॉय बॉमाइस्टर यांच्या १९९७ मधल्या अभ्यासात दिसतं. त्यांनी महाविद्यालयातल्या मुलांकडे सत्रभर लक्ष ठेवलं. सत्राच्या सुरुवातीला काम ढकलणाऱ्या मुलांवर ताण कमी होता आणि त्यांची तब्येतही बरी होती. सत्र संपत आलं तेव्हा चित्र उलटं झालं. ताण जास्त, दुखणी जास्त, आणि गुणही इतरांपेक्षा कमी. सुरुवातीचा आराम शेवटी वसूल झाला, तोही वाढीव.

"मी आता नियमित अभ्यास करेन" असा निश्चय या सगळ्यावर पुरत नाही, कारण तो कुठल्याच एका अडचणीला हात घालत नाही. मला वहीत साधारण चार प्रकारच्या जागा दिसतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. तुमची वही आत्ता उघडा आणि वाचत जा.

पान कोरं आहे

माझ्या अनुभवात सर्वाधिक मुलं इथे अडतात. यावर सगळ्यांत कमी बोललं जातं म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

पान कोरं असतं कारण करायचं काय तेच नीट माहीत नसतं. "औद्योगिक क्रांतीवर प्रकल्प करा." हे वाक्य वहीत लिहून घेतलेलं असतं, पण हाताला करता येईल असं त्यात काही नाही. प्रकल्प करणं ही एक कृती नव्हेच. त्यात वाचणं आहे, निवडणं आहे, लिहिणं आहे, चित्र काढणं आहे, आणि यांतलं आधी काय हे कोणी सांगितलेलं नाही. मनाला तो एकच मोठा धूसर गोळा दिसतो आणि मन मागे सरतं.

माझ्या तासाला मी एक कसोटी लावते. काम सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात तुमचे हात काय करत असतील? "प्रकल्प करत असतील" हे उत्तर चालत नाही. "इतिहासाचं पुस्तक उघडून वाफेच्या इंजिनाचा परिच्छेद शोधत असतील" हे चालतं. उत्तर देता आलं नाही तर काम अजून सुरू करण्याजोगं झालेलं नाही, आणि ते तसं करणं हेच तुमचं पहिलं काम.

हाच प्रकल्प घेऊन एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. पान कोरं, चेहरा त्याहून कोरा. मी तिला म्हटलं, अख्खी क्रांती राहू दे बाजूला, धड्यात तुला एखादी गोष्ट विचित्र वाटली का? ती म्हणाली, "जेम्स वॉटने इंजिनाचा शोध लावला म्हणतात, पण इंजिन तर आधीपासून होतं असं खाली लिहिलंय." झालं, प्रकल्प सापडला. थॉमस न्यूकोमेनचं इंजिन १७१२ पासून खाणींमधलं पाणी उपसत होतं. त्यात वाफ थंड करण्यासाठी अख्खा सिलिंडरच दर फेरीला थंड करावा लागे आणि पुन्हा तापवावा लागे, त्यामुळे कोळसा फार जाई. वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं आणि १७६९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. "आधीच्या इंजिनात अडचण काय होती?" हा एक प्रश्न तिने पानाच्या माथ्यावर लिहिला आणि त्याच तासात पान भरलं. विषय मोठा असला की त्यातला आपल्याला खरोखर पडलेला एक प्रश्न शोधा. बाकीचं त्याच्याभोवती जमत जातं.

परीक्षेचा अभ्यासही असाच धूसर असतो. "आज विज्ञान करायचं" म्हणजे नेमकं काय? बहुतेक मुलं धडा पुन्हा वाचतात आणि महत्त्वाच्या ओळींवर रंग फासतात. त्यातून काम झाल्यासारखं वाटतं, पण ते कधी पूर्ण झालं हे कळायला काही मार्ग नसतो. त्यापेक्षा पुस्तक मिटा आणि आठवेल ते कागदावर लिहा. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं. चालढकलीच्या बाजूने पाहिलं तर या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. "धडा चारमधलं जे आठवतं ते एका पानावर लिही" हे काम हाताला लगेच कळतं, आणि ते केव्हा संपलं हेही कळतं.

शिक्षकांना नेमकं काय हवंय हेच कळलं नसेल तर घरी डोकं धरून बसण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग भरण्याआधी जाऊन विचारा. "समजलं नाही" एवढंच म्हणू नका, कारण त्यावर शिक्षकांनाही कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. किती पानं, त्यात काय काय असायला हवं, आणि आधी कोणी केलेला एखादा नमुना बघता येईल का, असे तीन प्रश्न विचारा. शिक्षक म्हणून सांगते, असं विचारायला आलेल्या मुलाचं आम्हाला बरं वाटतं.

शीर्षक सुंदर, खाली काहीच नाही

शीर्षक दोन रंगांत, खाली दुहेरी रेघ, तारीख सुबक. मग पहिलं वाक्य, ते खोडलेलं. पुन्हा तेच वाक्य थोडं बदलून, तेही खोडलेलं. कधी मधलं पानच फाडलेलं असतं आणि वहीच्या टाचणीपाशी त्याची कड शिल्लक दिसते.

या मुलांना घरचे "फार काटेकोर आहे हो" म्हणतात आणि त्यात थोडं कौतुकही असतं. पण काटेकोरपणात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. स्वतःसाठी उंच ध्येय ठेवणं ही एक, आणि चूक झाली तर लोक काय म्हणतील याची धास्ती ही दुसरी. सिरोइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. उंच ध्येय ठेवणारे काम कमी ढकलतात आणि चुकीची धास्ती बाळगणारे जास्त ढकलतात, असं त्यांना आढळलं. तेव्हा अशा मुलाला "इतकं चांगलं करायची गरज नाही" असं सांगू नका. ध्येय त्याच्याकडे राहू द्या, धास्ती काढायची आहे.

या धास्तीची एक छुपी चालही ओळखून ठेवा. निबंध आदल्या रात्री घाईत लिहिला आणि गुण कमी पडले, तर म्हणता येतं की वेळच नव्हता. महिनाभर राबून लिहिला आणि तरी कमी पडले, तर मग आपल्याला जमतच नाही असं मानावं लागेल. घाईमुळे ही दुसरी वेळ येतच नाही. एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्ग्लास यांनी १९७८ मध्येच हे दाखवलं होतं, की माणसं अपयशाला आधीच कारण तयार ठेवण्यासाठी स्वतःच्या वाटेत अडथळे घालतात. मुलं हे मुद्दाम, ठरवून करत नाहीत. म्हणून त्यांना यावरून टोमणे मारू नयेत. पण जरा मोठ्या मुलांना ही चाल शांतपणे सांगितली की ती स्वतःच ओळखतात. मी सांगते तेव्हा काही जण एकदम गप्प होतात आणि मग म्हणतात, "हो, माझं असंच होतं."

उपाय म्हणजे कच्चं आणि पक्कं पूर्ण वेगळं करायचं, कागदानेही आणि वेळेनेही. कच्चं लिखाण सुट्या कागदावर करा, वहीत नको. खोडरबर दप्तरातच राहू द्या. आणि सुरुवात पहिल्या वाक्याने करू नका. निबंधाचं पहिलं वाक्य सगळ्यांत अवघड असतं, कारण पुढे काय येणार हे अजून ठरलेलंच नसतं. जो परिच्छेद तुम्हाला सगळ्यांत नीट माहीत आहे तो आधी लिहा, मग तो मधला असला तरी चालेल. लिहिताना वाक्य अडलं तर तिथे फुली मारा आणि पुढे जा. हे कागद मी मुलांकडून मागत नाही, आणि तसं आधीच सांगून टाकते. कोणी बघणार नाही हे कळलं की पेन चालतं. सुबक अक्षर, दुहेरी रेघ, नेमका शब्द हे सगळं दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत करा.

काम अर्ध्यात थांबलं आहे

गणिताच्या वहीत हे नेहमी दिसतं. क्ष/३ + क्ष/४ = ७ एवढं उतरवून घेतलेलं असतं, खाली एक ओळ आणि मग काही नाही. घरी सांगितलं जातं, "हिचं गणितात लक्ष लागत नाही." लक्ष लागायला पुढे वाट तर दिसायला हवी. मी त्या मुलीला १/३ + १/४ किती असं विचारते. तिथे ती अडखळली तर कारण सापडलं. समीकरण तिला येतं, अपूर्णांकांचे छेद सारखे करणं दोन वर्षांपूर्वी तिच्या हातून निसटलं आहे. त्या बेरजा चार दिवस करून घेतल्या की ७/१२ येतात, मग ७क्ष = ८४ येतं, मग क्ष = १२ येतं, आणि अभ्यासाला बसायचा कंटाळाही बराचसा जातो.

अडलं की जिथे अडलं तिथेच एक वाक्य लिहायची सवय लावून घ्या. "इथे छेद कसे काढायचे ते कळलं नाही." एवढं पुरे. ते लिहिल्यावर दहाएक मिनिटं झगडून बघा, पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण शेजारी ठेवा. तरी सुटलं नाही तर पुढचं गणित घ्या. त्या वाक्यामुळे दुसऱ्या दिवशी विचारायला नेमका प्रश्न हाताशी राहतो, आणि तुम्ही काम केलंय हे शिक्षकांनाही दिसतं. गृहपाठ तपासताना मला बरोबर उत्तरांच्या पानापेक्षा असं वाक्य लिहिलेलं पान जास्त उपयोगी पडतं.

वही उघडलेलीच नाही

कधी विषयच कंटाळवाणा असतो, कधी शिक्षकांवर राग असतो, कधी या सगळ्याचा उपयोग काय हेच दिसत नसतं. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरच्या शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला. जे काम नावडतं, जे आपल्याला जमेल असं वाटत नाही आणि ज्याचं फळ फार लांब आहे, ते काम सर्वाधिक ढकललं जातं, असं त्यातून दिसलं. नावडतं काम आवडतं करून घेण्याच्या मागे मी लागत नाही. ते लवकर सुरू होऊन लवकर संपावं एवढं बघते. बसल्या बसल्या सगळ्यांत आधी ते घ्या, कारण दिवसभर मनावर त्याचंच ओझं राहतं. एकट्याने होत नसेल तर सोबत घ्या. दोघांनी एका टेबलावर आपापलं काम करत न बोलता बसायचं, एवढ्यानेही बराच फरक पडतो. आणि गृहपाठ खरोखरच रोज आवाक्याबाहेर जात असेल तर ती चालढकल नाही. कुठल्या विषयाला किती वेळ लागला हे आठवडाभर टिपून ठेवा आणि तो कागद घेऊन वर्गशिक्षकांशी बोला.

वेळ ठरवायची ती अशी

"संध्याकाळी करेन" हे ठरवणं नव्हे. पीटर गॉलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रँडश्टेटर यांच्या १९९७ मधल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवसांत एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. काहींना तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवून लिहायला सांगितलं, बाकीच्यांना सांगितलं नाही. पहिल्या गटातल्या वेळेत लिहिणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या दुपटीपेक्षा जास्त निघालं. काम तेच होतं, सुट्टीही तीच होती.

तेव्हा वाक्य असं करा: "शाळेतून येऊन कपडे बदलले की खिडकीजवळच्या टेबलाशी बसेन आणि भूगोलाचा नकाशा घेईन." यात वेळ घड्याळाची नाही, आधीच्या एका गोष्टीला बांधलेली आहे. घड्याळातले पाच वाजून जातात आणि आपल्याला कळतही नाही. कपडे बदलल्याचं मात्र कळतं. अडथळ्यासाठीही असंच वाक्य तयार ठेवा: "मित्र खेळायला बोलवायला आला तर नकाशा झाला की येतो म्हणेन."

किती वेळ लागेल याचा अंदाज मात्र सगळ्यांचाच चुकतो. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. सरासरी ३४ दिवस असं उत्तर आलं. सगळंच बिघडलं तर किती, असंही विचारलं, त्यावर ४९ च्या आसपास आलं. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. यावर माझा साधा उपाय आहे. समासात आधी अंदाज लिहा, काम झाल्यावर शेजारी खरा वेळ लिहा. काही आठवड्यांत तुमचा स्वतःचा आकडा सापडतो. एखाद्याला निबंधाला दुप्पट वेळ लागतो पण गणिताचा अंदाज बरोबर निघतो. एकदा ते कळलं की "अजून खूप वेळ आहे" यावर तुमचा सहज विश्वास बसत नाही.

पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत बऱ्याच जणांनी ऐकली असेल. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांनी विद्यार्थी असताना १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती स्वतःसाठी काढली. पाठांतर, शब्दार्थ, प्रयोगवही उतरवणं अशा कामांना ती छान जमते. लांब गणितात किंवा निबंधात मात्र हात लागलेला असताना घंटा वाजली म्हणून उठू नका. लहान मुलांना पंचवीस मिनिटंही जास्त होतात, त्यांना दहापासून सुरुवात करू द्या.

मोबाइलबद्दल थोडक्यात. तो जवळ ठेवून न बघण्याचा निश्चय करू नका. बसण्याआधी तो दुसऱ्या खोलीत ठेवा. अभ्यासासाठीच लागत असेल तर काय काय बघायचंय ते आधी कागदावर लिहा, तेवढं बघा आणि पुन्हा ठेवून या.

आई-वडिलांसाठी

तुम्ही काळजीपोटीच बोलता हे मला माहीत आहे. पण "झाला का अभ्यास?" या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि "नाही" म्हटलं की बोलणी बसतात हे मुलाला ठाऊक असतं. त्याऐवजी "कुठे अडलंय, दाखव" असं म्हणून बघा. त्याच्याजवळ तुमचं स्वतःचं काही शांतपणाचं काम घेऊन बसा, त्याच्या वहीत डोकावू नका. आळशी हा शब्द घरातून काढून टाका. एकदा तो चिकटला की मूल त्याला शोभेल असंच वागायला लागतं. आणि गृहपाठ तुम्ही करून देऊ नका. त्याने आजची रात्र निभते, पण अडलेली जागा तशीच राहते आणि आम्हाला ती दिसतही नाही.

झालेल्या चालढकलीबद्दल मुलाला फार वेळ अपराधी वाटू देऊ नका. मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी अभ्यास ढकलल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. याचं कारण वर आलंच आहे. अपराधीपणाही वहीला चिकटतो आणि ती उघडणं जड करतो.

काही वेळा मात्र वहीत शोधून कारण सापडत नाही. पूर्वी नीट अभ्यास करणारं मूल सगळ्याच विषयांत एकदम मागे पडलं, आवडत्या गोष्टींतही त्याचं मन रमेनासं झालं, झोप आणि भूक बदलली, तर ते दुःखात असू शकतं. लहानपणापासून प्रत्येक काम अर्धवट सुटत असेल, वस्तू सतत हरवत असतील, मनापासून प्रयत्न करूनही बसणं जमत नसेल, तर अवधानाची अडचण असू शकते. तोंडी सगळं येतं आणि वाचायची-लिहायची वेळ आली की टाळाटाळ होते, असं असेल तर वाचन-लेखनाची तपासणी करून घ्या. या तिन्हींसाठी समुपदेशक किंवा डॉक्टर गाठायला हवेत, वेळापत्रक करून भागणार नाही. आणि आधी झोप बघा. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. अर्धवट झोपलेल्या मुलाला नावडतं काम दुप्पट नावडतं.

आणि उद्याच द्यायचं असेल तर

हे वाचताना रात्र झाली असेल आणि काम उद्याचं असेल, तर वरचं बरंचसं आज लागू नाही. आजच्यासाठी असं करा. आधी किती वाजता झोपायचं ते ठरवा आणि उरलेला वेळ मोजा. त्या वेळात सगळं बसणार नाही हे मान्य करा, आणि ज्या भागाला जास्त गुण आहेत किंवा जो तुम्हाला जमतो तो निवडा. सुशोभन, मुखपृष्ठ, रंग आज विसरा. निवडलेला भाग पूर्ण करा, कारण पाच अर्धवट प्रश्नांपेक्षा दोन पूर्ण प्रश्न तपासणाऱ्याच्याही उपयोगाचे असतात. कुठून तरी उतरवून काढू नका, कारण तुम्हाला काय येत नाही हे त्यात झाकलं जातं. ठरवलेल्या वेळेला वही मिटा आणि झोपा.

सकाळी वह्या गोळा होण्याआधी शिक्षकांकडे जा. "एवढं झालंय, एवढं राहिलंय, इथे अडलं" असं वही उघडून दाखवा, आणि राहिलेल्यासाठी तारीख तुम्ही स्वतः सुचवा. ती तारीख त्यांच्यासमोरच वहीत लिहा आणि त्याखाली घरी गेल्यावर पहिल्या मिनिटात हात काय करणार आहेत तेही लिहून ठेवा.